तालुक्यांचे आकडे वर्तुळात कोंबू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवडणूक असो, अर्थसंकल्प असो की पर्यटन, वृत्तपत्रांत आकडेवारीच्या बातमीशेजारी रंगीत वृत्तालेख, म्हणजे पाय चार्ट, हमखास असतो. आकडे एकाच पातळीवरचे असतील आणि भाग दोन-तीनच असतील तर त्याला काहीच हरकत नाही. पण गोव्याचे बहुतेक आकडे तसे नसतात. राज्याखाली जिल्हे, जिल्ह्याखाली तालुके, तालुक्याखाली पंचायती अशी त्यांची उतरंड असते, आणि ती वर्तुळात कळत नाही. 2027 च्या जनगणनेचे आकडे हाती येण्याआधी याचा विचार व्हावा, म्हणून हे पत्र.

2011 चीच जनगणना घ्या. राज्याची लोकसंख्या 14,58,545 आणि तालुके तेव्हा 11. फोंडा 1,65,830, मुरगाव 1,54,561. फरक 11,269 माणसांचा. वृत्तालेखात फोंड्याच्या पाकळीचा कोन 40.9 अंश येतो आणि मुरगावच्या पाकळीचा 38.1 अंश. चांगले 10 सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ काढले तरी परिघावर हा फरक अडीच मिलिमीटरही भरत नाही. त्यातून दोन्ही पाकळ्यांची तोंडे वेगवेगळ्या दिशांना. टक्केवारी पूर्णांकात छापली तर दोघांनाही 11 टक्के मिळतात, आणि अकरा तालुक्यांची बेरीज 99 वर थांबते.

तेच आकडे आडव्या स्तंभालेखात मांडा. 10 सेंटिमीटर म्हणजे 3 लाख असे प्रमाण धरले तर फोंडा 55 मिलिमीटर, मुरगाव साडेएक्कावन्न. सगळे स्तंभ एकाच रेषेपासून निघत असल्याने फरक चटकन दिसतो. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल या संशोधकांनी 1984 मध्ये प्रयोगांनी हेच दाखवले होते: समान मापपट्टीवरची जागा माणूस अचूक ओळखतो, कोनाच्या अंदाजात जास्त चुकतो. जागाही वाचते. प्रत्येकी 6 मिलिमीटरच्या अकरा ओळी 6.6 सेंटिमीटर उंचीत बसतात, वर्तुळाला दहा लागतात. सांगे (65,147) आणि सत्तरी (63,817) यांच्यातला फरक मात्र स्तंभांतही अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी राहतो, म्हणून स्तंभाच्या टोकाशी मूळ आकडा छापायलाच हवा.

उतरंड दाखवायची म्हणून काही जण दोन कड्यांचे वर्तुळ काढतात: आत जिल्हे, बाहेर तालुके. बाहेरच्या वर्तुळाची त्रिज्या आतल्याच्या दुप्पट ठेवली तर बाहेरच्या कड्याचे क्षेत्रफळ आतल्या वर्तुळाच्या तिप्पट होते. म्हणजे एका जिल्ह्याचे सगळे तालुके मिळून त्याच जिल्ह्याच्या तिप्पट दिसतात! दोन्हींचे क्षेत्रफळ समान ठेवायचे तर बाहेरची त्रिज्या आतल्याच्या 1.41 पट हवी. मग कडे अरुंद होऊन ‘काणकोण’सारखी नावे लिहायला जागा कमी पडते.

याहून मोठा घोळ पातळ्यांच्या सरमिसळीने होतो. तक्त्यात ‘उत्तर गोवा 8,18,008’ ही बेरजेची ओळ आणि तिच्याखाली सहा तालुके असतात. सगळ्या ओळी निवडून एक्सेलमध्ये वृत्तालेख काढला की उत्तर गोव्याला बरोबर अर्धे वर्तुळ मिळते आणि प्रत्येक तालुक्याचा वाटा निम्मा होतो. एकूण शंभर टक्केच भरत असल्याने संगणक तक्रार करत नाही आणि उपसंपादकालाही शंका येत नाही. आलेखासाठी फक्त सर्वांत खालच्या पातळीच्या ओळी निवडाव्यात, बेरीज मथळ्यात द्यावी.

स्तंभालेख काढताना तालुके जिल्हावार गटांत ठेवावेत. गटावर जिल्ह्याचे नाव आणि बेरीज, खाली तालुके मोठ्याकडून लहानाकडे. अकारविल्हे लावले तर क्रम दिसत नाही. रंग जिल्ह्याला एकच पुरे. आतल्या कृष्णधवल पानांवर अकरा रंगांचे अकरा राखाडी होतात. एक्सेल आडव्या स्तंभांत पहिली ओळ सर्वांत खाली टाकते, म्हणून अक्षाच्या फॉरमॅटमध्ये ‘कॅटेगरीज इन रिव्हर्स ऑर्डर’वर खूण करावी लागते. आणि अक्ष शून्यापासूनच सुरू व्हावा. सासष्टी (2,94,464) काणकोणच्या (45,172) साडेसहा पट आहे. अक्ष 40,000 पासून सुरू केला तर ती 49 पट दिसेल.

फोंड्याचे प्रकरण तर खास गोव्याचेच. 2011 मध्ये हा तालुका उत्तर गोव्यात मोजला गेला, 2015 मध्ये तो दक्षिणेत गेला. तेच जुने आकडे 2015 च्या रचनेत मांडले तर उत्तर 6,52,178 आणि दक्षिण 8,06,367, म्हणजे मोठा जिल्हाच बदलतो, आणि तेही एकाही माणसाने घर न बदलता. गटवार स्तंभालेखात फोंड्याचा स्तंभ तेवढ्याच लांबीचा राहून एका गटातून दुसऱ्यात जातो, त्यामुळे काय बदलले ते वाचकाला थेट दिसते. जिल्ह्यांच्या दोन वर्तुळांत फक्त ‘उत्तर घटले’ एवढेच दिसेल, आणि तो अर्थ साफ चुकीचा आहे. म्हणून आलेखाखाली आकड्यांचे वर्ष आणि हद्दींचे वर्ष, दोन्ही लिहावीत. 2011 च्या जनगणनेनंतर धारबांदोडा तालुकाही सांग्यातून वेगळा झाल्याने सांग्याचे नवे आकडे जुन्यांशी सरळ ताडून पाहता येणार नाहीत.

191 पंचायतींचे आकडे छापायचे झाल्यास स्तंभही अपुरे पडतात. तिथे तालुकावार साधा तक्ता द्यावा, आणि संकेतस्थळावर हवे तर आयतांत आयत मांडणारा ट्रीमॅप.

आपली,
एक नियमित वाचक, फोंडा