जुन्या गाडीचे कर्ज : खरा दर टोकनच्या आधी कळावा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

जुनी चारचाकी कर्जावर घेणाऱ्या ग्राहकाला त्या कर्जाचा खरा वार्षिक दर आणि सर्व खर्च धरून होणारी एकूण रक्कम टोकन (गाडी राखून ठेवण्यासाठीची आगाऊ रक्कम) देण्यापूर्वी, मराठीत आणि लेखी मिळाली पाहिजे, या मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे. याविषयी रिझर्व्ह बँकेचा चांगला नियम आज अस्तित्वात आहे. परंतु त्या नियमानुसारचा कागद ग्राहकाच्या हाती पडतो तेव्हा त्याचा उपयोग जवळजवळ संपलेला असतो.

माझी नोकरी एका नागरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात झाली आणि निवृत्तीनंतरही ओळखीचे लोक कर्जाचे कागद दाखवायला घरी येतात. मध्यंतरी आमच्या भागातील एक तरुण इलेक्ट्रिशियन असाच आला. त्याने एमएच-१४ पासिंगची, सात वर्षे वापरलेली छोटी पेट्रोल गाडी ठरवली होती. दराविषयी त्याच्याजवळ असलेला एकमेव लेखी पुरावा म्हणजे दुकानदाराचे व्हिजिटिंग कार्ड, ज्याच्या मागे बॉलपेनने ‘४ लाख, ९%, ४८ × ११,३३४’ एवढेच लिहिलेले होते. नऊ टक्के म्हणजे नव्या गाडीच्या कर्जाइतकाच दर, अशी त्याची समजूत झाली होती आणि दुकानात ती कोणी दूर केली नव्हती.

हा नऊ टक्के ‘फ्लॅट’ दर होता. चार लाखांवर वर्षाला ३६ हजार याप्रमाणे चार वर्षांचे १ लाख ४४ हजार व्याज मुद्दलात मिळवायचे आणि त्या ५ लाख ४४ हजारांना ४८ ने भागायचे, की हप्ता तयार होतो. दर महिन्याला मुद्दल फिटत असताना व्याज मात्र शेवटच्या हप्त्यापर्यंत पूर्ण चार लाखांवरच धरलेले असते. हाच हप्ता घटत्या शिल्लकेच्या पद्धतीने, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरून तपासला, तर दर जवळजवळ १६ टक्के येतो. खरोखरच घटत्या शिल्लकेवर नऊ टक्के दर असता, तर हप्ता दहा हजारांच्या आत राहिला असता आणि चार वर्षांचे एकूण व्याज ७८ हजारांच्या आसपास झाले असते. हा फरक सुमारे ६६ हजारांचा आहे.

गोष्ट येथेच थांबत नाही. प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरील जीएसटी, गाडीच्या मूल्यांकनाचा खर्च, कागदपत्रांचा खर्च आणि कर्जदाराच्या नावे काढलेला कर्जविमा असे मिळून १८ हजार रुपये कर्जातूनच वळते केले जाणार होते. म्हणजे गाडीच्या किमतीपोटी प्रत्यक्षात मिळणार ३ लाख ८२ हजार, पण हप्ता पूर्ण चार लाखांचा. हे लक्षात घेतले की दर साडेअठरा टक्क्यांवर जातो. कार्डावरील आकड्याच्या तो दुपटीहून अधिक आहे, आणि तरीही दुकानदार खोटे बोलला असे काटेकोरपणे म्हणता येत नाही. त्याने अर्धेच सांगितले.

जुन्या गाडीच्या कर्जाचा दर नव्या गाडीपेक्षा जास्त असावा, यात गैर काही नाही. तारण ठेवलेली वस्तू वर्षागणिक स्वस्त होत असते, तिच्या अपघाताचा किंवा पुरात भिजल्याचा इतिहास सहज दिसत नाही, आणि हप्ते थकले तर ती विकून वसुली होण्याची खात्री कमी असते. चिपळूण, सांगली आणि कोल्हापूरच्या महापुरांनंतर हे आपल्या भागातील कोणाला वेगळे सांगायला नको. धनकोने जोखमीची किंमत घ्यावी, मात्र ती किंमत ऋणकोला वेळेवर दिसावी, एवढेच म्हणणे आहे.

ती दिसावी म्हणूनच रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ रोजी परिपत्रक काढले आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून सर्व नव्या किरकोळ कर्जांसाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य तपशिलांचे पत्रक, बंधनकारक केले. हा नियम व्यापारी बँकांबरोबरच नागरी सहकारी बँका, जिल्हा मध्यवर्ती बँका आणि बिगर बँक वित्त कंपन्या यांनाही लागू आहे. पत्रकात सर्व शुल्के धरून निघणारा वार्षिक टक्केवारी दर द्यावा लागतो, आणि धनकोमार्फत वसूल होणारा विम्याचा हप्ताही त्या दरात धरावा लागतो. पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत लिहून त्यातील मजकूर त्याला समजावून सांगायचा आहे. कर्जाची मुदत सात दिवस किंवा त्याहून अधिक असेल, तर पत्रकातील अटी किमान तीन कामकाजाच्या दिवसांपर्यंत कायम ठेवून कर्जदाराला विचाराला अवधी द्यायचा आहे. पत्रकात नसलेले कोणतेही शुल्क पुढे कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय आकारता येत नाही. सामान्य कर्जदाराच्या हिताचा इतका नेमका नियम माझ्या नोकरीच्या काळात मी पाहिला नव्हता.

आता दुकानात काय घडते ते पाहा. ग्राहक गाडी पाहतो, एक फेरी मारतो, घरी फोन लावून विचारतो. ‘गाडीला दुसरे गिऱ्हाईक आहे’ असे ऐकताच दहा हजारांचे टोकन देऊन मोकळा होतो, आणि ‘टोकन परत मिळणार नाही’ ही ओळ पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेली असते. त्यानंतर फाइल ‘लॉगिन’ होते, सिबिल तपासले जाते, मूल्यांकनवाला येऊन फोटो काढून जातो आणि चार-पाच दिवसांनी मोबाइलवर एक लिंक येते. त्या लिंकमध्ये इंग्रजीतील बऱ्याच पानांचा करार असतो आणि त्याच पानांत कुठेतरी हे पत्रकही असते. दुकानातील मुलगा ‘ओटीपी सांगा’ म्हणतो आणि ग्राहक सांगतो. तीन दिवसांचा अवधी कागदावर शाबूत राहतो खरा, पण तो वापरायचा म्हटले तर दहा हजारांवर पाणी सोडावे लागते. महिन्याची मिळकत पंचवीस-तीस हजार असलेल्या माणसाला ही मुभा आहे असे म्हणणे मला पटत नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, ज्या दुकानातून एखाद्या बँकेचे किंवा वित्त कंपनीचे कर्ज करून दिले जाते, तेथे संबंधित कर्जाचे अंदाजित पत्रक वार्षिक टक्केवारी दरासह ग्राहकाला टोकनपूर्वी मराठीत देण्याची जबाबदारी त्या बँकेवर किंवा कंपनीवरच टाकावी. दुकानदार तिच्या वतीने बोलत असतो आणि तिच्याकडून कमिशन घेत असतो, तेव्हा त्याच्या बोलण्याची जबाबदारीही तिनेच घेतली पाहिजे. फ्लॅट दर एकट्याने लिहिण्यास किंवा सांगण्यास पूर्ण मनाई असावी. कर्ज नाकारले गेले, किंवा अंतिम पत्रकातील दर सुरुवातीला सांगितलेल्या दरापेक्षा जास्त निघाला, तर टोकन परत मिळावे.

दर न कळण्याचा फटका पुढेही बसत राहतो. निम्मी मुदत संपली म्हणजे निम्मे मुद्दल फिटले, असे कर्जदार धरून चालतो. वरील उदाहरणात २४ हप्ते, म्हणजे २ लाख ७२ हजार रुपये भरल्यानंतरही सुमारे २ लाख ३१ हजार मुद्दल शिल्लक राहते. त्या वेळी कर्ज एकरकमी फेडायला गेले, तर करारातील मुदतपूर्व फेडीचे शुल्क वेगळे द्यावे लागते. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२६ पासूनच्या, व्यक्तींनी व्यवसायेतर कारणासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जांवर हे शुल्क बंद केले आहे. पण जुन्या गाड्यांची कर्जे बहुधा स्थिर दराची असल्यामुळे हा दिलासा नेमका येथे पोहोचत नाही. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तेव्हा त्यांच्या जुन्या भावंडांचे भावही उतरणे ओघानेच आले. आधीच्या चढ्या मूल्यांकनावर कर्ज काढलेल्या माणसाची शिल्लक गाडीच्या बाजारभावापेक्षा जास्त निघू शकते.

कर्जाच्या किमतीइतकाच महत्त्वाचा प्रश्न गाडी नावावर चढण्याचा आहे. पहिल्या मालकाने स्वतः कर्ज काढलेले असेल, तर आरसीवर त्याच्या धनकोचा बोजा, म्हणजे एचपी (हायपोथिकेशन), असतो. त्या धनकोचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ दाखल होऊन ती एचपी उतरल्याशिवाय नव्या कर्जाची एचपी चढत नाही. प्रत्यक्षात कर्जाची रक्कम दुकानदाराच्या खात्यात जमा होते, पुढच्या महिन्यापासून हप्ता सुरू होतो आणि आरसी मात्र कित्येक महिने पहिल्याच मालकाच्या नावावर राहते. त्या काळात अपघात झाला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा दावा अडकतो. पहिला मालकही सुटत नाही. आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच भरपाईसाठी मालक मानला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणून मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून गाडी दुकानात सोडून येणाऱ्यांनीही सावध असावे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने आरटीओकडून अधिकारपत्र घेणे आणि गाडी ताब्यात घेतल्याची माहिती पोर्टलवर देणे आवश्यक आहे. ती दिली की पुढील जबाबदारी त्याच्यावर येते. मी चौकशी केली त्या दुकानांत हे अधिकारपत्र कोणी दाखवू शकले नाही. परिवहन विभागाने ही तपासणी करावी, आणि धनकोंनी अधिकारपत्र नसलेल्या दुकानाच्या खात्यात कर्जाची रक्कम सोडू नये.

पतसंस्थांचा विषय वेगळा आणि ग्रामीण भागासाठी अधिक निकडीचा आहे. पगाराची स्लिप नसलेला शेतकरी, गवंडी किंवा दूधवाला गाडीसाठी बँकेपेक्षा पतसंस्थेकडे जातो, कारण तेथे त्याला ओळखतात आणि दोन जामीनदारांवर काम होते. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येत असल्यामुळे रिझर्व्ह बँकेचे हे पत्रक त्यांना लागू नाही. अनेक पतसंस्था सरळ, घटत्या शिल्लकेवर व्याज घेतात, हे मी जवळून पाहिले आहे आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. परंतु जेथे तसे होत नाही, तेथे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खालील वसुली दाखला कर्जदाराबरोबर जामीनदारांच्याही दारात येतो. सहकार आयुक्तांनी परिपत्रक काढून असेच एक पानी पत्रक पतसंस्थांना सक्तीचे करावे, आणि त्याची प्रत जामीनदारांनाही द्यायला लावावी.

शेवटी एक विनंती आपल्याकडे आहे. आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींत ‘झिरो डाउनपेमेंट’, ‘फक्त ९ टक्के’, ‘एका दिवसात कर्ज’ असा मजकूर नेहमी येतो. कर्जाचा उल्लेख असलेली जुन्या गाड्यांची जाहिरात स्वीकारताना वार्षिक टक्केवारी दर आणि कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव छापण्याची अट आपण घालावी. त्यासाठी कोणत्याही सरकारी आदेशाची वाट पाहावी लागणार नाही.

कळावे,

आपला,
एक निवृत्त सहकारी बँक कर्मचारी, सातारा