आधी माती, मग साप

प्रिय मामा,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. महाबळेश्वरच्या घाटात, जुलैच्या धो धो पावसात, इरलं पांघरून तुम्ही रस्त्याकडेची चर मोकळी करत होतात आणि मी शेजारी आडोशाला उभा होतो. आपली ओळख एवढीच.

फावड्याच्या ढेकळाबरोबर तो वर आला. जेमतेम फूटभर, काळाकुळकुळीत, कडेनं पिवळे ठिपके. शेपटी तिरकी छाटल्यासारखी, टोकाला चिखलाची टोपी. खापरखवल्या साप! तुमच्या जोडीदारानं "मार, मार" म्हणून गलका केला. तुम्ही फावडं खाली ठेवलंत. मला हात पुढे करायला लावलात, ओंजळीत आधी मूठभर ओली माती घातलीत आणि मग त्याला वर सोडलंत. म्हणालात, "उजेड सोसत नाही त्याला."

ती मूठभर माती माझ्या मनातून जात नाही.

कारण मागच्या पावसाळ्यात याच जातीचा साप मी एका लॉजच्या अंगणात पाहिला होता. लोकांनी मण्यार समजून त्याला झाडूच्या दांड्यानं डिवचलं. मी फोन करून एका सर्पमित्राला बोलावलं. त्यानं त्याला कोरड्या बरणीत घातलं, फरशीवर काढून तासभर फोटो घेतले. संध्याकाळी साप मेला होता. साप बिनविषारी आहे हे त्या सर्पमित्राला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर राग अजून उतरत नाही.

तुमच्या मातीत मात्र त्यानं लगेच डोकं खुपसलं. या सापाविषयी वाचलेलं त्या दिवशी माझ्या तळव्याला कळलं. कातडीच्या आत तो कणा नागमोडी दुमडतो, त्यानं अंग फुगतं, बिळाच्या भिंतीला घट्ट टेकतं, आणि त्या टेकूवर टोकदार डोकं पुढे रेटलं जातं. माझ्या बोटांच्या फटीत तो तसाच रेटत होता. केवढा जोर त्या एवढ्याशा जिवाचा! चावणं तर नाहीच, नुसती मातीकडे धाव.

सगळा जन्म जमिनीखाली. खाणं गांडुळांचं. मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते. शेपटीच्या खरबरीत ढालीवर माती चिकटून राहते, तीच मागून येणाऱ्या शत्रूसाठी बिळाचं बूच. अशा ढालीच्या शेपटीचे साप जगात फक्त भारतीय द्वीपकल्पात आणि श्रीलंकेत आहेत. पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञानं या जातीचं वर्णन १८६२ मध्ये केलं; महाबळेश्वरचा उपप्रकार वेगळा म्हणून नोंदला गेला तो १९५५ मध्ये. आपल्या पायाखालचा शेजारी, आणि बहुतेकांना तो दिसतो तो पावसात गाडीखाली चिरडलेलाच.

माणुसकी माणसांपुरतीच असते असं मला कधी वाटलं नाही, पण ती इतकी सहज वागताना क्वचितच पाहिली. कोणी बघतंय म्हणून तुम्ही काही केलं नाहीत.

नंतर वरच्या अंगाला, झाडाखालच्या पाचोळ्यात, आपण दोघांनी त्याला सोडलं. शेपटीची ढाल आत जाईपर्यंत तुम्ही इरलं त्याच्यावर धरून भिजत उभे होतात. मग चरीच्या पाण्यात हात खळबळून पुन्हा फावडं उचललंत. मी नुसता बघत राहिलो, साधे आभारही मानले नाहीत. ते आज मानतो.

तुमचा,
ओंजळ पुढे केलेला