न्यू पाल्ट्झच्या आजींना

आजी,

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, लेक वाचून अर्थ सांगेल. पण तुम्ही काय केलंत ते आमच्याही माणसांना कळायला हवं, म्हणून मराठीतच लिहितेय.

माझं सासर ह्यूगेनॉट. मूळचे फ्रान्समधले प्रोटेस्टंट, धर्मापायी देशोधडीला लागलेले. १५९८ च्या नांतच्या फर्मानाने दिलेली धर्माची मोकळीक राजा चौदाव्या लुईने १६८५ मध्ये काढून घेतली, पण जाच त्याच्या कितीतरी आधीपासूनचा. न्यू पाल्ट्झवाले तोवर जर्मनीतल्या फाल्झमध्ये आसरा घेऊन अमेरिकेत, न्यूयॉर्कमधल्या हडसन नदीच्या खोऱ्यात पोचलेही होते. १६७७ मध्ये त्यांच्यातल्या बारा जणांनी तिथल्या मूळच्या इसोपस लोकांकडून जमीन घेतली आणि ज्या मुलखाने आसरा दिला त्याचंच नाव गावाला ठेवलं, न्यू पाल्ट्झ म्हणजे नवं फाल्झ. उपकार जाणणारी माणसं!

त्या बारांपैकी आपण कुणाचे, हे सासऱ्यांना डोळे मिटण्याआधी जाणून घ्यायचं होतं. आधी ज्यांना भरपूर पैसे मोजले, त्यांनी वंशावळीचा चकचकीत तक्ता पाठवला. मधल्या पिढ्या गाळलेल्या, आणि नवऱ्याच्या नावाशेजारी नुसतं ‘पत्नी – भारत’. दुरुस्ती मागितली तर उत्तर द्यायचंही सौजन्य नाही. राग अजून गेलेला नाही.

मग ह्यूगेनॉट घराण्यांच्या कुलमंडळात तुम्ही भेटलात. चर्चच्या नोंदी आधी फ्रेंच, मग डच, मग इंग्रजी. त्यात बाप्तिस्म्याच्या वेळी लिहिलेल्या आईच्या माहेरच्या आडनावावरून तुम्ही एका पणजीला हुडकलंत आणि तुटलेला दुवा जोडलात. सासऱ्यांनी तो जिवंतपणी पाहिला.

पण आजी, माझ्या मनात राहिलंय ते वेगळंच. त्या दिवशी साताऱ्याहून आलेली माझी आई कोपऱ्यात अवघडून बसली होती. तुम्ही खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसलात, कागद-पेन्सिल तिच्यापुढे सरकवलीत आणि खुणेनेच लिहायला सांगितलंत. तिने हळूहळू स्वतःचं नाव लिहिलं, मग तिच्या आईचं, मग आजीचं. तिथे पेन्सिल अडली. आजीचं माहेरचं नाव तिला आठवेना. तुम्ही घाई केली नाहीत. आठवल्यावर तिने ते लिहिलं, आणि तो कागद तुम्ही जसाच्या तसा घराण्याच्या फाइलीत लावलात. नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या चोपडीत आमच्या घरातल्या पुरुषांच्या सात पिढ्या आहेत. आईच्या माहेरच्या बायकांची नावं मात्र पहिल्यांदा कुठे लागली असतील तर ती तुमच्याकडे.

दगडी घराच्या तळघरातली चूल दाखवताना, इथे गुलाम राबत होते, हेही तुम्ही स्वतःहून सांगितलंत. मृत्युपत्रांत माणसं गुराढोरांबरोबर वाटून दिलेली आहेत, १८२७ पर्यंत न्यूयॉर्कमध्ये हे कायद्याने चालत होतं, हे सांगताना तुमचा आवाज खाली गेला नाही. पूर्वजांचा अभिमान बाळगून इतकं खरं बोलणारी माणसं मी फार थोडी पाहिली.

तुम्ही एक पैसाही घेतला नाहीत. तेव्हा मी आता सवड मिळेल त्या शनिवारी येणार आहे. जुन्या पत्रांची सूची व्हायची राहिलीय म्हणालात ना, ती मला करू द्या.

तुमची,
साताऱ्याची सून