लॅपटॉपचा पडदा माझ्याकडे वळवणाऱ्या तंत्रज्ञांस

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात मी तुमच्याकडे आले, तेव्हा लॅपटॉप दुरुस्त करून घेण्याची आशा जवळजवळ सोडून दिली होती. नवा कोणता घ्यावा, एवढेच विचारायचे आणि जुन्यातल्या फाइली तेवढ्या काढून घ्यायच्या, असे ठरवून मी तुमच्या टेबलासमोर उभी होते. काम झाल्यावर पैसे दिले, घाईघाईने आभार मानले आणि निघाले, कारण त्या क्षणी मला नीट बोलता आले नसते. जे तेव्हा राहून गेले, ते या पत्रात लिहिते आहे. तुमची परवानगी विचारलेली नाही, म्हणून नाव मात्र लिहीत नाही.

मी भाषांतराचे काम करते. 2018 साली घेतलेल्या या लॅपटॉपवर माझे सगळे काम होते, आणि गेले वर्षभर तो इतका मंद झाला होता की बटण दाबल्यापासून पहिली फाइल उघडेपर्यंत दहा-दहा मिनिटे जात. शब्द टाइप करून पूर्ण झाला तरी पडद्यावर त्याची दोनच अक्षरे उमटलेली असत आणि उरलेली मागाहून येत. वाक्य मनात धरून ठेवायचे आणि यंत्र आपल्यापर्यंत पोहोचण्याची वाट पाहायची, हे दिवसातून शेकडो वेळा करावे लागले की माणूस कामावरच चिडू लागतो, आणि मी चिडू लागले होते.

तुमच्याआधी मी दोन ठिकाणी जाऊन आले होते. पहिल्या ठिकाणी लॅपटॉप उघडलासुद्धा नाही. घेतल्याचे वर्ष विचारले आणि तो आता मोडीत काढा, यावर नवे विंडोज चालणारच नाही, असे सांगून नव्या लॅपटॉपांच्या रांगेकडे बोट दाखवले. दुसऱ्या ठिकाणी तो आठ दिवस ठेवून घेतला, मला न विचारता फॉरमॅट मारला आणि ‘आता पळेल’ म्हणून परत दिला. तो पंधरा दिवस बरा चालला आणि पुन्हा होता तसाच झाला. डेस्कटॉपवर असलेली, कित्येक वर्षे जमवलेली माझी पारिभाषिक शब्दांची यादी मात्र त्यात कायमची गेली. ती परत मागायला गेले, तेव्हा ‘आधी सांगायचे होते’ एवढ्यावर माझी बोळवण झाली. विचारायला हवे होते त्यांनी, आणि दोष आला माझ्या माथी. हे आठवले की आजही जिवाला लागते.

म्हणून तुम्ही जे पहिल्यांदा केले, ते मी विसरू शकत नाही. तुम्ही लॅपटॉप सुरू केला, तो पूर्ण सुरू होईपर्यंत एक शब्द न बोलता वाट पाहिली आणि मग दोन्ही हातांनी तो फिरवून पडदा माझ्याकडे केला. शेजारची खुर्ची ओढून दिलीत आणि म्हणालात, “तुम्ही रोज जे करता ते करा, मी बघतो.” याआधी प्रत्येक ठिकाणी पडद्याची पाठ माझ्याकडे असे. समोरचा माणूस काहीतरी बघे, मान हलवे आणि निर्णय सांगे, आणि माझ्याच वस्तूबद्दल मला काही कळण्यासारखे आहे, असे कोणाला वाटत नसे. तुम्ही तो पडदा वळवलात, तेव्हा माझ्या मनातली अर्धी भीती तिथेच गेली. कृती दोन सेकंदांची होती आणि तिला पैसे पडले नव्हते, पण साऱ्या प्रकरणात मला तीच सर्वांत मोलाची वाटते.

मी नेहमीप्रमाणे ब्राउझर, शब्दकोश आणि दोन मोठ्या फाइली उघडल्या. तुम्ही टास्क मॅनेजर, म्हणजे यंत्राच्या कोणत्या भागावर किती ताण आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडून एकेका आकड्यावर बोट ठेवलेत. डिस्क 100 टक्के, मेमरी 90 च्या वर आणि प्रोसेसर जेमतेम 12 टक्के. “तुमचा प्रोसेसर रिकामा बसलाय, तो डिस्कची वाट बघतोय,” हे तुमचे वाक्य ऐकले आणि वर्षभराचे कोडे उलगडले. मग तुम्ही समजावलेत, की जुन्या हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला 5,400 फेरे घेणारी तबकडी असते आणि तिच्यावरची हवी ती जागा गाठायला वाचणाऱ्या डोक्याला दर वेळी काही मिलीसेकंद लागतात. एसएसडी, म्हणजे चिपांवर माहिती साठवणारी नवी डिस्क, तिच्यामध्ये फिरणारे काही नसल्यामुळे तेच काम कितीतरी पटींनी लवकर होते. त्यातच रॅम, म्हणजे चालू काम तात्पुरते धरून ठेवणारी ती मेमरी, अवघी 4 जीबी. ती भरली की जे मावत नाही ते विंडोज डिस्कवर उतरवून ठेवते, म्हणजे आधीच दमलेल्या डिस्कवर दुप्पट ओझे. दोन दुखणी एकमेकांना वाढवत होती, आणि फॉरमॅट मारल्याने त्यातले एकही बरे होणारे नव्हते. नव्या लॅपटॉपची गरज आहे की नाही, हे वयावरून ठरवायचे नसते, अडते कुठे ते पाहून ठरवायचे असते, हे मला इतक्या सोप्या शब्दांत कोणी सांगितले नव्हते.

त्यानंतर तुम्ही डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली आपल्या तब्येतीची नोंद, काढलात. त्यात खराब झाल्यामुळे बदलून घेतलेल्या सेक्टरांचा, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांचा, आकडा वाढलेला दिसत होता. तुमचा आवाज तेवढ्यापुरता बदलला आणि तुम्ही विचारलेत, “कामाची दुसरी प्रत कुठे आहे?” ती नव्हती. “मग आज दुसरं काहीच नको, आधी प्रत,” असे म्हणून तुम्ही माझ्यासमोर सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या आणि त्यातल्या चार-पाच मलाच उघडून बघायला लावल्या. ज्या माणसाची यादी एकदा गेलेली असते, त्याला या प्रश्नाचे काय वाटत असेल, याची कल्पना तुम्हाला बहुधा नसेल.

प्रत्यक्ष दुरुस्तीबद्दल मी फार लिहीत नाही. जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी आली, रॅमची दुसरी खाच रिकामी होती तीत 8 जीबीची पट्टी बसली. पंख्यामागच्या जाळीवरून तुम्ही चिमट्याने धुळीचा एक पापुद्रा अखंड सोलून काढलात आणि माझ्या हातावर ठेवलात. राखाडी, मऊ, नमद्याच्या तुकड्यासारखा. यंत्र का तापत होते आणि तापले की आपला वेग आपणच का कमी करत होते, ते त्या तुकड्याने दाखवून दिले.

विंडोजच्या प्रश्नावर मात्र लिहिलेच पाहिजे, कारण त्याच भीतीवर मला नवा लॅपटॉप विकला जात होता. विंडोज 10 चा नियमित आधार, म्हणजे कंपनीकडून येणारे नेहमीचे अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, हे खरे आहे. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0, म्हणजे लॅपटॉपमधली सुरक्षेची एक सोय, लागते आणि इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचेच चालतात, हेही खरे आहे. पण माझा प्रोसेसर आठव्याच पिढीचा होता आणि टीपीएम लॅपटॉपमध्ये होते, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, बंद पडून राहिले होते. तुम्ही ते सुरू केलेत आणि ‘हा संगणक पात्र नाही’ म्हणणाऱ्या त्याच तपासणीने तो पात्र ठरवला. ज्यांनी वर्ष ऐकून मोडीत काढायला सांगितले होते, त्यांनी एवढे पाहायचे कष्ट घेतले असते, तर माझे कित्येक महिने वाचले असते.

आणखी एका गोष्टीसाठी तुमचे आभार मानायचे आहेत. बॅटरीही बदलून टाका, असे मीच म्हणाले होते. तुम्ही बॅटरीचा अहवाल काढून दाखवलात, की तिच्यात मूळ क्षमतेच्या जवळपास तीन चतुर्थांश शिल्लक आहे. मी बहुतेक वेळ चार्जर लावूनच काम करते, तेव्हा आता बदलण्याचे कारण नाही, असे सांगितलेत. वर हेही बजावलेत, की टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला तर बॅटरी फुगलेली असू शकते, त्या दिवशी लॅपटॉप बंद करून सरळ घेऊन यायचे. होणारी विक्री तुम्ही स्वतःहून सोडलीत, आणि त्यामुळेच तुमच्या बाकीच्या शब्दांवर माझा विश्वास बसला.

तुम्ही जुन्याचे गोडवे गायला नाहीत, हेही मला फार आवडले. मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड, गेला, किंवा दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर जाऊ लागला, तर थांबायचे आणि नवा घ्यायचा. व्हिडिओ संपादनासारखे जड काम करायचे असते तर आजच नवा घ्या म्हणालो असतो, असेही तुम्ही स्पष्ट सांगितलेत. नवा घेताना रॅम बोर्डवरच झाळलेली आहे की बदलता येण्यासारखी, हे आधी विचारा, कारण झाळलेली असेल तर पुढे वाढवण्याची वाटच बंद होते, ही तुमची सूचना मी लिहून ठेवली आहे. कामाची जाण असलेली माणसे पुष्कळ भेटतात. समोरच्याच्या अज्ञानाचा फायदा न घेता, त्याला समजेल अशा भाषेत आणि त्याचा मान राखून बोलणारी माणसे क्वचित भेटतात. अशा एका माणसामुळे आधीच्या दोघांनी मनात पेरलेला संशय धुऊन निघतो, हे मी अनुभवले आहे.

आता लॅपटॉप वीस सेकंदांच्या आत सुरू होतो आणि अक्षर बोटाबरोबर उमटते. गेलेली शब्दांची यादी मी पुन्हा पहिल्यापासून करायला घेतली आहे. रोज संध्याकाळी तिची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर जाते. जुनी हार्ड डिस्क तुम्ही पाकिटात घालून, वर तारीख लिहून परत दिली होती आणि महिनाभर तिला हात लावू नका म्हणाला होतात. महिना झाला, नव्या जागी सगळे सापडले आहे.

माझ्या बहिणीचा लॅपटॉपही असाच रखडतो आहे आणि तिलाही नवाच घ्या म्हणून सांगण्यात आले आहे. तिचे कदाचित खरेच नवा घेण्याइतके बिघडले असेल, ते तुम्ही पाहून सांगाल. पुढच्या आठवड्यात तिला घेऊन येते. पडदा तिच्याकडेही वळवून ठेवाल, एवढी विनंती.

तुमची कृतज्ञ,
एक भाषांतरकार