पहिल्या मजुरीची तारीख सांगा : अर्थमंत्र्यांना खुले पत्र

माननीय अर्थमंत्री महोदय,

स. न. वि. वि.

मंदीवरच्या उपाययोजनेत रोजगाराच्या कामांसाठी किती कोटी ठेवले, हे आपण जाहीर करालच. त्याच घोषणेत पहिली मजुरी कोणत्या तारखेला हातात पडेल, हेही सांगा, अशी आमची विनंती आहे. सार्वजनिक कामे आणि सरकारी खर्च यांचा आम्ही अनेक वर्षे अभ्यास करतो आहोत. अशा योजना बहुतेक वेळा पैशाअभावी अडत नाहीत, मंजुरी आणि मजुरी यांच्यामधल्या महिन्यांत अडतात.

अमेरिकेतच पाहा. महामंदीच्या काळात, जून १९३३ मध्ये, तिथे सार्वजनिक बांधकामांसाठी ३३० कोटी डॉलर मंजूर झाले. या निधीचे प्रमुख हॅरॉल्ड इकिस यांनी प्रत्येक करार बारकाईने तपासला. पैसा खाल्ला जाऊ नये हा त्यांचा आग्रह रास्तच होता, आणि त्यातून उभे राहिलेले पूल आणि धरणे टिकलीही. पण हिवाळा तोंडावर आला तरी लाखो माणसे रिकामीच होती. मोठ्या कामाचा स्वभावच तसा असतो. जागेचा ताबा, सर्वेक्षण, संकल्पचित्रे, निविदा एवढे झाल्यावर ठेकेदार येतो, आणि पायाचे खोदकाम सुरू होईपर्यंत फारसे मजूर लागतच नाहीत. पुढेही खर्चाचा मोठा भाग सिमेंट, पोलाद आणि यंत्रांवर जातो.

म्हणून ९ नोव्हेंबर १९३३ रोजी सरकारी मदतकार्याचे प्रमुख हॅरी हॉपकिन्स यांच्या हाती वेगळी योजना दिली गेली. तिचे ४० कोटी डॉलर याच बांधकाम निधीतून वळवले होते. ठेकेदार मध्ये नव्हता, सरकारने माणसे थेट कामावर घेतली. निम्मी माणसे सरकारी मदत घेणाऱ्यांच्या आधीच तयार असलेल्या यादीतून आली, उरलेली बेकारांमधून, गरिबीचा दाखला न मागता. धनादेश काढायला नवे कार्यालय उघडले नाही, माजी सैनिकांना पैसे देणारी देशभरची यंत्रणाच वापरली. दोन आठवड्यांत, २३ नोव्हेंबरला, आठ लाखांहून अधिक लोकांना पहिला पगार मिळाला. जानेवारीच्या मध्यापर्यंत कामावरची माणसे ४० लाखांच्या पुढे गेली होती.

यात चुकाही झाल्या. फावडी-कुदळी कमी पडल्या, मुकादम नवखे होते, काही कामे केवळ हात गुंतवण्यापुरती निघाली. याचे कारण घाई एवढेच नव्हते. करण्याजोग्या कामांची यादी आधीपासून कपाटात तयार नव्हती.

ती यादी आपण आजच करून घ्यावी. प्रत्येक स्थानिक संस्थेकडे रस्तेदुरुस्ती, गटारे, शाळांची डागडुजी, पाणी अडवणे, झाडे लावणे अशी कामे तांत्रिक मंजुरीसह तयार असावीत. जागेचा वाद नसलेलीच कामे घ्यावीत. मोजमाप, अवजारांची संख्या, मुकादमाचे नाव आणि हजेरीपट कोण तपासणार, हे कागदावर असावे. अंदाजपत्रक दरवर्षी नव्या दराने करावे, नाहीतर वेळ येईल तेव्हा जुन्या दरांमुळे फाईल परत फिरते. खर्चात मजुरीचा वाटा किती, हा पहिला रकाना ठेवा. मजुरीचा दर सारखाच असेल, तर १०० पैकी ७० मजुरीला देणारे काम ३० देणाऱ्या कामाच्या दुपटीहून जास्त मनुष्यदिवस देते. मोठी धरणे, पूल जरूर बांधा, पण त्यांचे लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचे खाते, वेगळे ठेवा आणि त्यांच्याकडून या वर्षीच्या रोजगाराची अपेक्षा धरू नका.

पैसा कोणाच्या नावाने निघतो, हेही तितकेच महत्त्वाचे. १९३३ मध्ये कापसाचा भाव चढावा म्हणून अमेरिकेत सुमारे एक कोटी एकरांतले उभे पीक नांगरून टाकले गेले. भरपाईची रक्कम जमीनमालकाच्या हाती गेली आणि बटाईदाराचा वाटा देणे त्याच्यावर सोडले. अनेकांना तो पुरता मिळाला नाही. पुढे लागवड घटल्याने कितीतरी कुटुंबांना जमीन सोडावी लागली. कसणाऱ्याची रक्कम कसणाऱ्याच्याच नावाने काढा. मालकाच्या सद्भावनेवर ती सोपवू नका.

मजुरी ज्या बँकेत जमा होणार, तीही शाबूत हवी. अमेरिकेत ठेवींना २,५०० डॉलरपर्यंत विमा १ जानेवारी १९३४ पासून लागू झाला आणि त्या वर्षी विमा असलेल्या फक्त नऊ बँका बुडाल्या. आदल्या वर्षी हजारो बँका बुडाल्या होत्या. एवढ्या थोड्या खर्चात एवढे काम करणारी दुसरी सुधारणा त्या काळात आम्हाला दिसत नाही.

शेवटचा मुद्दा आम्हाला सर्वांत जास्त काळजीचा वाटतो. १९३७ मध्ये उत्पादन वाढले, भाव सावरले, आणि तिथल्या सरकारला तूट कमी करण्याची घाई झाली. रोजगाराच्या कामांवरची माणसे कमी केली. त्याच वर्षी जानेवारीत सामाजिक सुरक्षेसाठी पगारातून वर्गणी कापणे सुरू झाले. ऑगस्ट १९३६ ते मे १९३७ या काळात मध्यवर्ती बँकेने बँकांनी राखायच्या निधीचे प्रमाण तीन टप्प्यांत दुप्पट केले. एकेक पाऊल स्वतंत्रपणे समर्थनीय वाटेल, पण सगळी एकाच वेळी पडली. औद्योगिक उत्पादन सुमारे एक तृतीयांशाने घसरले. सरकारी कामांवरच्या मजुरांनाही बेकार धरणाऱ्या मोजणीत बेकारी सुमारे १४ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर गेली. एप्रिल १९३८ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना पुन्हा अब्जावधी डॉलरचा खर्च मागावा लागला.

म्हणून योजना कधी आवरायची, हे ती सुरू करण्याच्या आदेशातच लिहा. बेकारी ठरलेल्या पातळीखाली सलग दोन तिमाही राहिली, तरच मजूरसंख्या कमी करावी, तीही एका वेळी एक चतुर्थांशाहून जास्त नाही. त्या सहामाहीत नवा कर किंवा पगारातून कापायची नवी वर्गणी लावू नये. मध्यवर्ती बँक व्याजदर वाढवणार असेल, तर त्या तिमाहीत मजूरसंख्येतली कपात थांबवावी. अर्थसंकल्पाच्या भाषणाआधी या अटींवर आपली मध्यवर्ती बँकेशी लेखी चर्चा व्हावी आणि ती विधिमंडळापुढे ठेवली जावी.

आपले,
सार्वजनिक खर्चाचे अभ्यासक