डोळे आले की आधी चार प्रश्न, मग ड्रॉप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की ठाण्यापासून पनवेलपर्यंत मेडिकलच्या काउंटरवर एकच मागणी असते : ‘डोळे आलेत, ड्रॉप द्या.’ डोळ्याला नेमके काय होतेय ते घेणारा सांगत नाही, गर्दीत देणाराही विचारत नाही. विचारायचे असते एवढेच : एक डोळा की दोन्ही, पाणी येते की चिपडं, खाज आहे की दुखणे, दिसायला अंधुक झाले का?

आधी एक डोळा लाल, दोन-तीन दिवसांत दुसरा, सतत पाणी, सोबत सर्दी, कधी कानापुढे दुखरी गाठ, असे असेल तर बहुधा विषाणू. जुलै-ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यभर पसरलेली साथ याच जातीची. इथे अँटिबायोटिक ड्रॉपचा उपयोग नाही. एक-दोन आठवड्यांत डोळा आपोआप निवळतो. तोवर थंड पाण्याची घडी आणि ०.५ टक्के कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजचे, म्हणजे नुसत्या ओलाव्याचे, ड्रॉप दिवसातून चार वेळा. घट्ट पिवळी-हिरवी चिपडं दिवसभर येत असतील, सकाळी पापण्या चिकटत असतील, तर जिवाणूची शंका घ्यावी आणि अँटिबायोटिक डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यावे. दोन्ही डोळ्यांना खाजच खाज आणि शिंका असतील तर ती ॲलर्जी. ती पसरत नाही, मुलाची शाळा बुडवायचे कारण नाही.

खरी तक्रार स्टेरॉइड मिसळलेल्या ड्रॉपबद्दल आहे. ‘मागच्या वेळी ज्याने एका दिवसात फरक पडला तेच द्या’ असे सांगून मागितले जातात ते बहुतेक वेळा हेच. लाली झटकन उतरते, कारण स्टेरॉइड सूज दाबते. विषाणू मात्र तिथेच असतो. डोळ्यात नागिणीच्या कुळातला हर्पिस विषाणू असेल तर बुबुळावरची जखम याने पसरते, कायमचा डाग राहू शकतो. आठवडेच्या आठवडे वापरल्यास डोळ्यातला दाब वाढतो. काही रुग्णांना डॉक्टर मुद्दाम स्टेरॉइड देतात, पण बुबुळ यंत्राखाली तपासून. म्हणून खोक्यावरचे घटक वाचा : डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल, फ्लुओरोमेथोलोन यांपैकी काही दिसले तर चिठ्ठीशिवाय मागू नका, आणि दुकानदारांनी देऊ नये.

ड्रॉप घालतानाही औषध वाया जाते. हात साबणाने धुवा. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून नाकाकडून कानाकडे पुसा, प्रत्येक वेळी नवा कापूस. खालची पापणी ओढून एकच थेंब टाका; डोळ्यात जास्त मावतच नाही, दुसरा गालावरून ओघळतो. बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नका. डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरा. दोन वेगळी औषधे असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्या. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. महिन्यानंतर ती टाकायची. घरात एकच बाटली सगळ्यांत फिरवणे म्हणजे रोगच वाटणे. गुलाबपाणी, मध, तुळशीचा रस यांतले काहीही निर्जंतुक नसते.

डोळ्यात डोळे घालून पाहिल्याने साथ लागत नाही; ती हातातून जाते. ट्रान्स-हार्बर लोकलच्या डब्यातले हँडल धरलेला हात डोळ्याला लागला की काम झाले. सॅनिटायझर डोळे आणणाऱ्या ॲडिनोव्हायरस या विषाणूला पुरेसा भारी पडत नाही, साबण-पाणीच बरे. टॉवेल आणि उशीचा अभ्रा वेगळा ठेवा. काळ्या चष्म्याने तिरीप कमी लागते, संसर्ग थांबत नाही.

काहींना मात्र ड्रॉप न देता थेट नेत्रतज्ज्ञाकडेच पाठवायला हवे : दुखणारा डोळा, उजेड सहन न होणे, अंधुक दिसणे, बुबुळावर पांढरा ठिपका, कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारे, महिन्याच्या आतले बाळ. वागळे इस्टेट आणि तुर्भे-रबाळ्याच्या कारखान्यांतून ग्राइंडरचा कण गेलेले कामगारही ‘डोळे आलेत’ म्हणूनच येतात. आणि तंबाखूच्या चुन्याची पुडी दाबताना लहान मुलाच्या डोळ्यात चुना उडाला, तर मेडिकल शोधत बसू नका : आधी नळाखाली किमान पंधरा-वीस मिनिटे डोळा उघडा धरून धुवा, पापणी उलटून कण काढा आणि तसेच रुग्णालय गाठा.

– एक फार्मासिस्ट, ऐरोली, नवी मुंबई