स्वादुपिंडासाठी केवळ दाते पुरेसे नाहीत

‘दाते वाढले की प्रतीक्षायादी आपोआप घटेल’ हा अवयवदानावरील संपादकीयातील (काल प्रसिद्ध) निष्कर्ष मूत्रपिंडापुरता बराचसा पटतो; स्वादुपिंडाच्या बाबतीत तो अपुरा आहे. मूत्रपिंड थंड द्रावणात 24 तास, प्रसंगी त्याहून जास्त टिकते. स्वादुपिंड मात्र शक्यतो 12 तासांच्या आत रुग्णाच्या शरीरात जोडावे लागते. उशीर झाला की रक्तवाहिनीत गुठळी होऊन ते गमावण्याचा धोका वाढतो. त्यात हा अवयव पाचक रस तयार करणारा. पेशी दुखावल्या की तेच रस त्याच्यावर उलटतात.

पहिले स्वादुपिंड प्रत्यारोपण 1966 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात झाले. पुढे 1980च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात तयार झालेल्या, अवयव टिकवणाऱ्या द्रावणाने साठवणीत मोठा फरक पडला, हे खरे. पण साठवणीची रीत बहुतेक ठिकाणी अजून तीच आहे: थंड द्रावणाने रक्त धुऊन काढायचे, अवयव द्रावणासह निर्जंतुक पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत आणि मग बर्फाच्या पेटीत. बर्फाचा थेट स्पर्शही चालत नाही. यकृत आणि मूत्रपिंडासाठी द्रावण फिरते ठेवणारी यंत्रे आली. स्वादुपिंड मात्र जरा जास्त दाबानेही सुजते, म्हणून तिथे गाडे प्रयोगांतच अडकले आहे.

दानाचे आवाहन जरूर करावे. मात्र दान केलेले स्वादुपिंड वेळेअभावी वाया जात असेल, तर साठवणीच्या संशोधनालाही निधी मिळावा, ही मागणी संपादकीयात यायला हवी होती.